बंद करू नका, वितळायलंय

जगातल्या झाडून साऱ्या घट्ट वस्तू आज ना उद्या वितळणारच, आणि त्या वितळत असताना आपण जवळ हजर असलंच पाहिजे, अशी ज्याची ठाम समजूत आहे असा एकच माणूस मी आजवर पाहिला, आणि तो माझा साडू निघाला. साडू हे नातं कुणी निवडून घेत नाही. भालकीच्या बाजारात माझं भांड्यांचं दुकान आहे, त्यामुळे मला दाखलाही दुकानातलाच सुचतो. गिऱ्हाईक पातेलं पसंत करतं, झाकण त्याच्याबरोबर येतं. मी बायको पसंत केली, तिच्यामागं तिची धाकटी बहीण होती, आणि त्या बहिणीबरोबर काही वर्षांनी हे झाकण आलं. माझ्याहून बारा वर्षांनी लहान, अंगानं काटकुळे, बिदरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मुलांना उष्णता शिकवणारे आणि तिथंच नौबादला भाड्याच्या घरात राहणारे. इतरांच्या शर्टाच्या खिशाला पेन असतं, यांच्या खिशाला थर्मामीटर. मला ते अण्णा म्हणतात आणि मीही त्यांना अहोजाहो करतो, कारण साडूला अरेतुरे केलं की सासुरवाडीत आपलीच किंमत उतरते.

त्यांची माझी खरी ओळख झाली ती एका नातलगाच्या लग्नात. मे महिन्याचं ऊन, मांडवात माणसं घामानं निथळत होती, आणि पाण्याच्या पिंपाशेजारी पोत्यात गुंडाळलेली बर्फाची लादी ठेवली होती. आमचे साडू पोतं बाजूला सारून त्या लादीसमोर उकिडवे बसले होते. हातात घड्याळ, मांडीवर लग्नपत्रिका, आणि पत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर बारीक अक्षरात आकडे. वाजंत्री वाजली, अक्षता पडल्या, माणसं पंगतीला उठली, तरी यांची नजर लादीवरून हलली नाही. मुलीकडचे एक म्हातारे बराच वेळ संशयानं पाहत होते. ते शेवटी जवळ आले आणि म्हणाले, "तुमी कुणाकडचे हो?" साडूंनी मान वर न करता सांगितलं, "बर्फाकडचा." म्हाताऱ्यानं थोडा वेळ विचार केला आणि मुलाकडच्या माणसाला जाऊन विचारलं, की तुमच्यात बर्फे आडनावाची कुणी मंडळी आहेत काय. पुरणाच्या पोळीवर तूप वाढलं तरी यांचं तेच. बाकीचे दोन पोळ्या संपवून हात धुऊन येतात तोवर हे तुपाच्या गोळ्याकडे बघत असतात. "कडेनं आधी सुटलंय बगा अण्णा," ते मला कोपरानं ढोसून सांगतात, "मधलं अजून घट्टच हाय." मी म्हणतो, पोळी गार होतेय. ते म्हणतात, "व्हय, तेबी मोजायला पायजे."

आता नुसतं बघत बसणारी माणसं आपल्याकडे पुष्कळ आहेत. बसस्टँडवर गाड्या बघणारे आहेत, विहिरीवर मोटारीचं पाणी बघणारे आहेत. पण साडूंचं वेगळं असं, की जे खरोखर वितळताना बघायचं ते त्यांना कॉम्प्युटरवरही वितळवून बघायचं असतं. त्यासाठी त्यांच्याकडे एक सॉफ्टवेअर आहे. पाणी, हवा, तेल, जे काही वाहतं ते कसं वाहील हे आधीच गणितानं सांगणारं. हा कॉम्प्युटर नौबादच्या घरात देवघरात ठेवलेला आहे, कारण इन्व्हर्टरची तार तेवढ्याच खोलीत गेली आहे. देवाला दिवा आणि कॉम्प्युटरला पंखा, अशी दोघांची सोय एकाच कोनाड्याजवळ झाली. तो सुरू झाला की दोन दोन दिवस बंद करता येत नाही. म्हणून साडूंनी एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं होतं: बंद करू नका, वितळायलंय. हा पुठ्ठा पडद्यावर लटकत असेल तेव्हा घरात मिक्सर लावायचा नाही, इस्त्री लावायची नाही आणि पूजेची घंटासुद्धा जपून वाजवायची. माझी मेहुणी स्वभावानं गरीब आहे, पण एकदा तिचाही तोल गेला. "उन्हात ठिवलं तर पाच मिन्टात वितळतंय," ती म्हणाली, "तुमच्या पेटीत दोन दिस कामून लागायलेत?" साडू शांतपणे म्हणाले, "उन्हात नुसतं वितळतंय. हितं कसं वितळायलंय ते कळायलंय." मेहुणी इडलीचं पीठ घेऊन शेजारणीकडे वाटायला गेली.

मला हे सारं समजावून देण्याचा त्यांनी अनेकदा प्रयत्न केला. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात तसं ते होतं, आणि घडे तर मीच विकतो. एकदा ते म्हणाले, की या सॉफ्टवेअरला फक्त वाहणं कळतं, घट्टपणा कळतच नाही. मग घट्ट वस्तू त्याला सांगायची कशी? तर घट्ट म्हणजे असा द्रव, ज्याला वाहायची परवानगी नाही. मी म्हणालो, "म्हणजे सासुरवाडीत बसलेला जावई." ते इतके खूश झाले की म्हणाले, "अण्णा, वर्गात सांगतो हे." पण खऱ्या हुशार निघाल्या आमच्या सासूबाई. आळंद तालुक्यात मादन हिप्परगा म्हणून मोठं गाव आहे, तिथं त्या एकट्या राहायच्या. गावातले सगळे त्यांना अव्वा, म्हणजे कानडीत आई, म्हणायचे, म्हणून आम्ही दोघे जावईही अव्वाच म्हणायचो. एका दिवाळीत अव्वा शंकरपाळे कातत होत्या आणि साडू समोर बसले होते. ते म्हणाले, "अव्वा, मीबी असंच करतो. मेणाची पोळी लाटायची, बारीक चौकोन कापायचे. मग एकेका चौकोनाला विचारायचं, तू घट्ट हायस का पातळ? आणि तुझ्या शेजारचा किती तापलाय?" अव्वांनी कातणं थांबवलं आणि म्हणाल्या, "म्हंजे एकटा चौकोन काईच सांगू शकत न्हाई. शेजाऱ्याला इचारूनच त्येला कळतंय." साडू माझ्याकडे विजयी मुद्रेनं पाहू लागले. मी दहा वर्षांत जे समजलो नव्हतो ते अव्वांना एका ताटात समजलं होतं.

या गणितात एक आकडा असा असतो, की तो कुणालाच नक्की माहीत नसतो. धड घट्टही नाही आणि धड पातळही नाही असा जो मधला लिबलिबीत पट्टा असतो, तो किती अडेल हे सांगणारा तो आकडा. "त्येचं काय करता?" मी विचारलं. "अंदाजानं घालायचा, आणि देवाला शरणु म्हणायचं," साडू म्हणाले. एवढी वर्षं शिकून शेवटी शरणुच म्हणायचं असेल तर ते मीही दुकान उघडताना म्हणतो. कधी अंदाज चुकायचा. एकदा सॉफ्टवेअरनं सांगितलं, की अव्वांच्या फ्रिजमध्ये तापमान नऊ हजार अंश झालं आहे. साडू म्हणाले, काही नाही, वेळेची पायरी जरा मोठी पडली. मेहुणीनं मात्र खात्री म्हणून मादन हिप्परग्याला फोन लावला आणि विचारलं, "अव्वा, फ्रिज बरा हाय नव्हं?" अव्वा म्हणाल्या, "बरा हाय की. भेंडी ठिवलीय."

आणखी एक प्रसंग सांगायला हवा. साडू एकदा माझ्या दुकानात आले, एका नव्या पातेल्यात बर्फाचे खडे घातले, मागच्या स्टोव्हवर ठेवलं आणि खिशातला थर्मामीटर त्यात उभा केला. खाली जाळ चालू, वर बर्फ वितळतोय, आणि पारा शून्यावर ढिम्म. पाच मिनिटं झाली, दहा झाली. पातेलं माझं, रॉकेल माझं. मी वैतागून म्हणालो, "अहो, येवढा जाळ जायलाय कुठं?" "आत जायलाय," ते म्हणाले. "वितळायच्या कामाला लागलाय. सगळं वितळल्याबिगर पारा हलणार न्हाई. पारा हलंना म्हणून आत काई चालू न्हाई आसं नसतंय अण्णा." मी पातेलं पुसून परत फळीवर ठेवलं आणि ते बोलणं तेव्हा तिथंच विसरलो.

आता अव्वांचा फ्रिज या गणितात कशाला आणि त्यात मेण कशाला, असं कुणीही विचारील. त्याचं कारण अव्वांचं औषध. अव्वांना साखरेचा आजार होता आणि रोज दोन वेळा इन्सुलिन टोचून घ्यावं लागायचं. ते फ्रिजमध्ये गार ठेवावं लागतं. एका उन्हाळ्यात वादळानं विजेचे खांब पडले, गावात करंट येई-जाई, औषध नासलं आणि कुणाच्या लक्षातच आलं नाही. अव्वा आपल्या नेमानं नासलेलं औषध टोचत राहिल्या. साखर एवढी चढली की त्यांना बेशुद्धीत कलबुर्गीला दवाखान्यात न्यावं लागलं. त्यातून त्या उठल्या, पण दोन्ही लेकींनी धसका घेतला. अव्वांच्याच घरी बैठक बसली. माझी बायको म्हणाली, आता बास, अव्वानं भालकीत राहायचं. अव्वा म्हणाल्या, "मी येणार न्हाई. माझी गल्ली हितं हाय." बायको म्हणाली, "गल्ली काय औषध देणार हाय का?" अव्वा दोन दिवस गल्लीतल्या एकेकीच्या दारात जाऊन बसून आल्या. माणूस गाव सोडायला लागलं की कसं दिसतं ते मी त्या दोन दिवसांत पाहिलं. तेव्हा साडू हळूच म्हणाले, "मला एक उन्हाळा द्या. करंट न्हाई आला तरी चौदा तास औषध गार ऱ्हाईल अशी पेटी करतो." बायकोनं माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे पाहिलं. शेवटी ठरलं असं: पेटी टिकली तर अव्वा गावात, नाही टिकली तर अव्वा भालकीत.

पेटीची कल्पना साधी होती. मेणबत्तीचं नव्हे, पण एक वेगळं मेण असतं. ते खोलीत तेलासारखं पातळ राहतं आणि पाच अंशांच्या आसपास गोठतं. माझ्या दुकानातले स्टीलचे दोन डबे, एक लहान आणि एक मोठा, एकात एक ठेवायचे, मधल्या पोकळीत हे मेण भरायचं, बाहेरून थर्माकोल लावायचं आणि पेटी फ्रिजमध्ये ठेवायची. करंट असताना मेण गोठून बसणार. करंट गेला की ते हळूहळू वितळणार, आणि ते पुरतं वितळेपर्यंत आतलं औषध गार राहणार. मेण किती जाड हवं, डबा केवढा हवा, हे सांगायचं काम देवघरातल्या कॉम्प्युटरचं. पण करंट गेल्यावर मेण किती टिकतं याचं गणित नेमकं करंट गेल्यामुळे अडायचं. इन्व्हर्टर चार तासांत मान टाकायचा, सगळं पुसलं जायचं, आणि साडू पुन्हा पहिल्यापासून वितळवायला बसायचे. तीन महिने त्या पुठ्ठ्यानं देवघर सोडलं नाही. मेहुणी उदबत्ती ओवाळताना एक फेरा पुठ्ठ्याभोवतीही ओवाळू लागली. शेवटी एका रविवारी साडूंचा फोन आला: "अण्णा, चौदा तास वीस मिन्टं."

पेटी तयार झाली, मादन हिप्परग्याला गेली. पहिल्या परीक्षेला आत औषध ठेवलं नव्हतं, पाणी भरलेल्या दोन शिश्या होत्या, आणि दर पाच मिनिटांनी तापमान लिहून ठेवणारं काडेपेटीएवढं यंत्र. एके दिवशी सकाळी करंट गेला तो रात्रीच आला. यंत्र साडूंकडे आलं. पेटीचा गारवा सहा तासांतच उतरला होता. चौदा तास कुठं आणि सहा तास कुठं! साडूंनी मेण तपासलं, थर्माकोल बदललं, शंकरपाळे आणखी बारीक कातले, तो अंदाजाचा आकडा वर-खाली करून पाहिला. कॉम्प्युटर चौदा तासांवर ठाम आणि गाव सहा तासांवर. यंत्राच्या आलेखावर मधे मधे करवतीसारखे दात दिसत होते. ते यंत्राचा दोष आहेत असं समजून साडूंनी ते घासून गुळगुळीत केले. इकडे माझ्या बायकोनं मागची खोली झाडून अव्वांसाठी पलंग टाकला, उशीला नवा अभ्रा घातला. साडूंनी तो पलंग पाहिला आणि मला बाहेर बोलावून म्हणाले, "अण्णा, उद्या माझ्यासंगं चला. मला पेटीसमोर बसायचंय. चूक माझ्याकडं न्हाई सापडली तर तिथं आसंल."

आम्ही पहाटेची बस धरली, मधे दोन बदलल्या आणि उन्हं चढायच्या आत गावात पोचलो. अव्वांनी चहा दिला. साडू फ्रिजसमोर स्टूल टाकून वही घेऊन बसले, लग्नातल्या लादीसमोर बसले होते तसेच. साडेआठला नेहमीसारखा करंट गेला. पंखा फिरत फिरत थांबला. साडूंनी वेळ लिहिली. दहा मिनिटं गेली असतील, शेजारच्या शांतक्का विरजणाला ताक मागायला आल्या. अव्वा लगबगीनं उठल्या.

"शांतक्का, करंट गेलाय नव्हं?"

"गेलाय की. पंखाबी बंद पडलाय."

"मग आता बग मजा."

अव्वांनी फ्रिज उघडला, पेटीचं झाकण काढून खाली ठेवलं आणि शांतक्कांचा हात धरून आत घातला. "अय्यो, गार हाय की!" शांतक्का ओरडल्या. "करंट न्हाई तरीबी गार," अव्वा म्हणाल्या. "आमच्या धाकट्या जावयानं केलीय. हे काय, हितंच बसलेत." शांतक्कांनी साडूंना डोळे भरून पाहून घेतलं, पुन्हा एकदा हात घालून खात्री केली, आणि ताक न घेताच समोरच्या घरी सांगायला गेल्या. थोड्या वेळानं समोरच्या खालाबी आल्या. त्यांनी मनगटापर्यंत हात घातला आणि म्हणाल्या, "अगे मां, कित्ता ठंडा है!" मग पोस्टमन आला, त्याचाही हात. मग बांगड्यावाली. मग मागच्या गल्लीतल्या दोघी, खास करंट गेला म्हणून आलेल्या. त्यांतल्या एकीनं आळंदच्या नणंदेला सोबत आणलं होतं. करंट असताना कुणीच येत नव्हतं, कारण करंट असताना गार असण्यात कसलं कौतुक? पेटीचा चमत्कार करंट गेल्यावरच दिसायचा, आणि म्हणून ती नेमकी तेव्हाच उघडली जायची. नणंदबाईंनी विचारलं, "पर हे हुतंय कसं?" अव्वा म्हणाल्या, "सांगा की जावईबापू." साडू स्टुलावरून उठले, पेटीजवळ गेले आणि मेण कुठं असतं ते बोटानं दाखवत, झाकण हातात धरून, चांगली सात-आठ मिनिटं समजावून सांगत राहिले.

दुपारी तीनला त्यांनी वही मिटली. अव्वा आत भाकरी थापत होत्या. मी विचारलं, "सापडली का चूक?"

"सापडली. शांतक्का."

"शांतक्कांचं काय?"

"शांतक्का मी गणितात घातलीच न्हवती अण्णा. खालाबी घातली न्हाई, बांगड्यावाली घातली न्हाई. माझ्या गणितात झाकण एकदा लागलं की चौदा तास लागलेलं. आन हितं तीन वाजेस्तोवर अकरा डाव निघालं." मग ते कान खाजवत म्हणाले, "त्यातला एक डाव माझाच. ते दात यंत्राचे न्हवते, गल्लीचे हुते. मी गल्ली घासून काढली."

भालकीत आल्यावर माझ्या बायकोनं एका वाक्यात निकाल दिला: "पेटीला कुलूप लावा." खरं सांगतो, मलाही ते पटलं होतं. कुलपं माझ्याच शेजारच्या दुकानात मिळतात. पण नेहमी ताकासारखा मवाळ असणारा हा माणूस त्या दिवशी पहिल्यांदा मोठ्या आवाजात बोलला. "कुलूप लावून औषध टिकंल वहिनी," ते म्हणाले, "पर ज्याच्यासाठी अव्वा गावात ऱ्हायचं म्हणायलीय तेच बंद हुईल. मग भालकीत पलंग हायच की." साडूंनी आधी मधला मार्ग म्हणून काचेचं झाकण करून पाहिलं, म्हणजे न उघडता आतलं दिसेल. अव्वांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि परत दिलं. "हात लावल्याबिगर गार हाय हे कसं कळंल?" ते झाकण आता माझ्या दुकानात फळीवर आहे.

मग साडूंनी जे केलं ते जगात आणखी कुणी केलं असेल असं मला वाटत नाही. त्यांनी सगळी गल्ली त्या सॉफ्टवेअरमध्ये घातली. फोनवर अव्वांना विचारून यादी केली, कोण किती वाजता येतं, किती वेळ हात आत ठेवतं. शांतक्का दोन वेळा, एकेक मिनिट. खालाबी एकदा, पण निवांत. पोस्टमन आठवड्यातून तीन दिवस. लग्नसराईत पाहुणे वाढतात म्हणून चार हात वरचे. प्रत्येक वेळेला झाकण उघडणार, गरम हवा आत येणार, तळहाताची ऊब आत जाणार, आणि मेण तेवढ्यापुरतं वितळणार. देवघरातला पुठ्ठा उतरला आणि नवा लागला: बंद करू नका, शांतक्का यायलीय. मेहुणी सांगते, की तो वाचून दूधवाला दोन दिवस दारातूनच परत गेला, घरात पाहुणे येणार आहेत असं समजून. नव्या गणितानं दुप्पट मेण मागितलं. पेटी इतकी मोठी झाली की अव्वांच्या फ्रिजचा मधला कप्पा काढावा लागला आणि भेंडी कायमची बाहेर आली. पुढच्या मे महिन्यात वादळानं पुन्हा खांब पाडला. सकाळी गेलेला करंट पंधरा तासांनी आला. मधल्या वेळात झाकण सतरा वेळा उघडलं गेलं, आणि तरी शेवटी यंत्रावर सात अंश होते, औषधाला आठपर्यंत चालतात. साडूंनी यंत्रावरच्या आलेखाचा कागद मला दुकानात आणून दाखवला. त्यावरचा एकही दात त्यांनी घासला नव्हता. प्रत्येक दातावर बारीक अक्षरात नाव लिहिलेलं होतं. माझ्या बायकोनं मागच्या खोलीतला पलंग उभा करून भिंतीला लावला.

अव्वा त्यानंतर चार उन्हाळे आपल्या गल्लीत राहिल्या. औषध एकदाही नासलं नाही. या वर्षी थंडी सरता सरता एके सकाळी त्या अंगण झाडून कट्ट्यावर बसल्या आणि बसल्या जागी लिंगैक्य झाल्या. साखरेनं नाही, वयानं. स्वतःच्या दारात, शांतक्कांशी बोलत असताना. शेतात समाधी दिली. दोन्ही लेकींनी रडून घर डोक्यावर घेतलं. साडू मात्र मांडव घालत होते, खुर्च्या मोजत होते, पाण्याचे जार उचलत होते. दहा दिवस त्यांचा चेहरा इकडचा तिकडे झाला नाही. माझी बायको नाक पुसत म्हणाली, "येवढं अव्वा अव्वा करायचे, डोळ्यात एक थेंब न्हाई बगा." मला एकदम दुकानातलं ते पातेलं आठवलं, खालचा जाळ आणि शून्यावर उभा असलेला पारा. मी म्हणालो, "पारा बगू नकोस त्येंचा." तिला काही कळलं नाही, आणि मलाही तेव्हा समजावून सांगता आलं नसतं.

अकराव्या दिवशी जेवणं झाली, विधीला आलेली जंगम मंडळी उठली, पाहुणे पांगले. घरात गल्लीतल्या बायका तेवढ्या बसून राहिल्या होत्या. दुपारची वेळ. पंखा फिरत फिरत थांबला. करंट गेला होता. मी पाहिलं, सगळ्यांची मान एकदम फ्रिजकडे वळली. सवयच ती. पेटी अजून आतच होती, कुणाला काढायचं सुचलं नव्हतं. शांतक्का पदराआडून हळूच म्हणाल्या, "गार आसंल का हो अजून?"

साडू कोपऱ्यात भिंतीला टेकून बसले होते. ते उठले, फ्रिजचं दार उघडलं, पेटीचं झाकण काढून खाली ठेवलं. आत अव्वांची अर्धी राहिलेली शिशी होती. "बगा की," ते म्हणाले. शांतक्कांनी हात घातला आणि तसाच आत ठेवला. "गार हाय," त्या म्हणाल्या, आणि त्यांना रडू फुटलं. मग खालाबी उठल्या, मग मागच्या गल्लीतल्या दोघी. सगळ्यांचे हात घालून झाले, तरी झाकण खालीच. मी भांडी विकणारा माणूस, उघडं भांडं मला बघवत नाही. मी वाकून झाकण उचललं आणि म्हणालो, "लावू का?"

"ऱ्हाऊ द्या अण्णा," साडू म्हणाले. "वितळू द्या आता."

मग ते फ्रिजसमोरच खाली बसले, बायकांच्या ओळीत, शांतक्कांच्या शेजारी. मी झाकण मांडीवर घेऊन पलीकडे बसलो. साडूंच्या मनगटावर घड्याळ होतं, खिशाला थर्मामीटर होता. त्यांनी दोन्हीकडे एकदाही पाहिलं नाही.